अल्ट्रालाइट सॅक आली कुठून? आजीची डेनिमची पिशवी ते शिडाचं कापड

लांबच्या ट्रेकला निघायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो सॅक कोणती घेऊ, आणि हल्ली त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, अल्ट्रालाइट घे. मग किंमत बघितली की डोळे पांढरे होतात. ६००-७०० ग्रॅमची पिशवी, आत फ्रेम नाही, वर झाकण नाही, कप्पे जवळपास नाहीतच, आणि पैसे मात्र सगळं असलेल्या सॅकच्या दुप्पट-तिप्पट. "कमी दिलंय म्हणून जास्त घेतायत होय?" असं आई म्हणाली होती, आणि या प्रकाराचा इतिहास खोदत गेलं की आईचं फार चुकलं असं वाटत नाही.

आधी एक शब्द क्लिअर करू. बेस वेट म्हणजे सॅक धरून आतल्या सगळ्या सामानाचं वजन, पण खाणं, पाणी आणि इंधन सोडून, कारण ते रोज कमी-जास्त होत राहतं, आणि अंगावरचे कपडेही धरत नाहीत. हे २० पौंडांच्या म्हणजे साधारण ९ किलोच्या आत असेल तर लाइटवेट, १० पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आत आलं की अल्ट्रालाइट, आणि ५ पौंडांच्या आतलेही लोक असतात, त्यांच्यासमोर टूथब्रशचा विषय काढू नये, त्यांनी दांडा कापलेला असतो आणि त्याचं वजन तोंडपाठ असतं. हे आकडे कुठल्या सरकारी खात्याने ठरवलेले नाहीत, चालणाऱ्यांनी आपापसात मान्य करून टाकलेत, आणि सगळे पौंडात गोल येतात यावरूनच कळतं की हे पीक अमेरिकेतलं आहे.

पण हलकं जायची गरज पहिली कोणाला पडली बघा. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, टोपणनाव नेसमक, पेनसिल्व्हेनियातला चपला-बूट शिवणारा माणूस, अंगाने किरकोळ आणि छातीने आजारी. त्याला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागाच्या, तळ्यातळ्यांतून होडीने हिंडायचं होतं, आणि तिथे दोन तळ्यांच्या मधे होडी खांद्यावर घेऊन चालावं लागतं. दणकट गाइड लोक ते करायचे, याच्याने होणार नव्हतं. म्हणून त्याने रश्टन नावाच्या होडीवाल्याकडून १८८३ मध्ये साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोच्याही आतली लाकडी कनू बनवून घेतली आणि तिच्यातून २६६ मैल फिरला. इंग्लंडमध्ये टॉमस होल्डिंग हा शिंपी सायकलवर बांधून नेता येईल एवढुसा तंबू शिवत होता, १९०१ मध्ये सायकल कॅम्पिंगवाल्यांची संघटनाच त्याने काढली. एक चांभार, एक शिंपी. दोघांच्या हातात सुई होती, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्या बाजूला बघायचं तर १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघं आंग थारके, पासंग आणि कुसांग या तीन शेर्पांना घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात घुसले, आणि तेही अशा काळात जेव्हा हिमालयातली मोहीम म्हणजे शेकड्याने हमाल आणि पेट्याच पेट्या असं समीकरण होतं. पण ते गिर्यारोहण झालं, आपला विषय चालण्याचा आहे.

तर चालण्याची मोठी शाळा म्हणजे अ‍ॅपलेशियन ट्रेल. बेंटन मकायने १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट सलग झाली, जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यं आणि आजच्या मोजणीने साधारण ३,५०० किलोमीटर. लोकांनी सुट्टीत येऊन तुकड्यातुकड्याने चालावं असा हिशोब होता, एका दमात अख्खी कोण चालणार! १९४८ मध्ये अर्ल शेफर चालला. महायुद्धावरून परत आलेला, ज्याच्यासोबत ही वाट चालायची ठरवली होती तो मित्र पॅसिफिकमधल्या इवो जिमा बेटावरच्या लढाईत मारला गेलेला, तर डोक्यातून युद्ध काढायला हा एकटाच निघाला आणि १२४ दिवसांत पोचला. पाठीवर लष्करी सॅक आणि तंबूऐवजी पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचं रेनकोटवजा कापड. सुरुवातीला ट्रेलवाल्यांचाच विश्वास बसेना.

आणि मग आली आजी. एमा गेटवुड, ओहायोची शेतकरीण, ११ मुलं, २३ नातवंडं, मारकुट्या नवऱ्यापासून घटस्फोट घेतलेला. तिने एका मासिकात या ट्रेलबद्दल वाचलं आणि १९५४ मध्ये मेनच्या टोकाकडून सुरुवात केली, तिथे वाट चुकली, चष्मा फुटला, रेंजर लोकांनी घरी पाठवलं. पुढच्या वर्षी ती दक्षिणेच्या टोकाकडून निघाली, वय ६७, घरी सांगितलं जरा चालायला जाते. खोटं नव्हतं ते.

तिचं सामान बघा, कारण आजच्या सगळ्या गिअर लिस्टची पणजी ती आहे. डेनिमची स्वतः शिवलेली पिशवी, तोंडाला नाडी, एकाच खांद्यावर टाकायची. तंबू नाही, त्याच्या जागी बाथरूममध्ये लावतात तो प्लास्टिकचा पडदा. स्लीपिंग बॅग नाही, एक लष्करी ब्लँकेट. एक रेनकोट. पायात केड्सचे कापडी बूट, तेच आपले शाळेत पीटीला घालायचो तसले, आणि त्यांचे सहा-सात जोड तिने झिजवले. खाण्यात सुका मेवा, डब्यातले सॉसेज, शिवाय वाटेत जे उगवलेलं ओळखीचं दिसेल ते. थंडी पडली तर सपाट दगड शेकोटीत तापवायचे आणि त्यावर झोपायचं. त्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायन अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली, ओढे फुगले, तरी ही चालत होती. १४६ दिवसांनी, २५ सप्टेंबर १९५५ ला ती वाटेच्या मेनमधल्या टोकाला, कटाडिन डोंगराच्या माथ्यावर उभी होती. पिशवी खाण्यासकट बहुतेक वेळा ९ किलोच्या आत. एका मोसमात एकटीने ही वाट पूर्ण करणारी पहिली बाई, आणि १९५७ मध्ये तिने ती परत पूर्ण केली, पहिल्यांदा नीट बघायची राहिली असेल.

मला यात गंमत वाटते ती ही की तिच्याकडे वजनकाटा नव्हता, यादी नव्हती, 'मल्टीयूज' हा शब्द नव्हता. शेतावर राबलेल्या बाईला कशाशिवाय भागतं हे आयुष्यभर माहीत होतं, बस.

दरम्यान दुकानं उलट्या दिशेला निघाली होती. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवायला लागला, बायको नीना कापड शिवायची. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका ट्रेकला फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली आणि खांद्यावरचं ओझं एकदम कमरेवर उतरलं, त्यातून कंबरपट्ट्याची सॅक आली. शोध जबरदस्तच, आजही प्रत्येक मोठ्या सॅकला तो पट्टा असतो. पण माणूस असा की ओझं पेलायला सोपं झालं म्हटल्यावर त्याने ओझं वाढवलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बॅकपॅकिंगची लाट आली, जाडजूड लेदरचे बूट, मोठा तंबू, स्टोव्ह, भांड्यांचा सेट, वर 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेलं, आणि २५ किलो पाठीवर हे नॉर्मल झालं. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे, बुणगे. पानिपतावर फौजेबरोबर जे गेले ते.

यातून बाहेर काढलं एका इंजिनियरने. रे जार्डिन, एरोस्पेसमध्ये काम केलेला, कड्याच्या भेगेत अडकवायची 'फ्रेंड्स' नावाची स्प्रिंगवाली अवजारं त्यानेच शोधली, सत्तरच्या दशकात, आणि आजचे क्लाइंबर त्यांच्याच वंशजांवर लटकतात. तो आणि बायको जेनी मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, सव्वाचार हजार किलोमीटर, १९८७, १९९१ आणि १९९४ मध्ये चालले, आणि दर वेळी सामान कमी होत गेलं. १९९२ मध्ये त्याने त्या ट्रेलचं हँडबुक काढलं आणि तिथून गडबड सुरू झाली.

त्याचं लॉजिक साखळीसारखं आहे. तंबू सोडून टार्प, म्हणजे छपरासारखं ताणून बांधायचं नुसतं कापड, घेतला की वजन आणि आकार दोन्ही घटतात. झोपताना स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्याच अंगाखाली चेपला जातो, चेपलेली पिसं ऊब देत नाहीत, मग तो भाग वाहायचाच कशाला, तो कापून टाका, उरला तो क्विल्ट, म्हणजे आपली रजई. एवढं कमी झालं की सॅकला फ्रेम नको, फ्रेम गेली की अडीच-तीन किलोची सॅक अर्ध्या किलोच्या आत येते. आता पाठीवर काही नाही तर घोटा धरून ठेवणारे जड बूट तरी कशाला, साधे रनिंग शूज घाला. आणि बुटाचं वजन साधं नसतं, १९६९ मध्ये अमेरिकन लष्करासाठी झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा साधारण ४ ते ६ पट दमवतं. आजीचे कापडी बूट बरोबर होते, कारण फक्त नंतर सापडलं.

जार्डिनने हे सगळं स्वतः शिवलं आणि इतरांनीही शिवावं म्हणून पुढे कापड-धाग्याची किट विकायला लागला. इथे परत सुई. ग्लेन व्हॅन पेस्की हा कॅलिफोर्नियातला सिव्हिल इंजिनियर, मुलाच्या स्काउट ट्रूपबरोबर जड सॅक घेऊन दमला आणि घरी सॅक शिवायला बसला, त्याचा पॅटर्न त्याने फुकट देऊन टाकला. त्यातली ट्रिक मला फार आवडते, झोपायची फोमची मॅट घडी घालून पाठीच्या बाजूच्या खिशात सरकवायची, तीच दिवसा सॅकची फ्रेम आणि रात्री अंथरूण. मी जुन्या कॅरीमॅटचा तुकडा कापून हे करून बघितलंय, चालतं, फक्त पाठीला घाम येतो.

मग बाजार आला. १९९८ मध्ये जार्डिनची डिझाइन्स घेऊन गोलाइट कंपनी निघाली (२०१४ मध्ये बंद पडली), पाठोपाठ छोट्या छोट्या कॉटेज, म्हणजे घरगुती कंपन्या. कापडही बदललं. आधी सिलिकॉन चढवलेलं नायलॉन, चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम, आणि मग क्यूबेन, त्याच्याही निम्मं. हे मूळचं शिडाचं कापड. १९९२ ची अमेरिकाज कप शर्यत जिंकणाऱ्या 'अमेरिका क्यूब्ड' नौकेवरून ते नाव पडलं, पातळ प्लास्टिक फिल्मच्या दोन थरांमध्ये डायनिमा नावाच्या दणकट प्लास्टिकचे धागे. २०१५ मध्ये डायनिमा बनवणाऱ्या डच कंपनीने ते विकत घेतलं आणि आता त्याला डायनिमा कॉम्पोझिट म्हणतात. पाणी पीत नाही, ताणत नाही, पण घासलं की खराब होतं, घडी कुठे पडते ते सांभाळावं लागतं, आणि किंमत विचारू नका. म्हणजे आजीचा बाथरूमचा पडदाच, अर्धपारदर्शक, कुरकुर वाजणारा, फक्त जवळपास सत्तर वर्षं आणि पन्नास हजार रुपये पुढचा.

आता आपल्याकडे हे उचलताना लोक जिथे फसतात ते सांगतो. हलकं जाता येतं ते वाटेवर काय आहे त्यावर. अ‍ॅपलेशियन ट्रेलवर अडीचशेच्या वर शेल्टर आहेत, तीन भिंती आणि छप्पर, दर तीन-पाच दिवसांनी गाव, पोस्टात स्वतःलाच पाठवलेलं पार्सल. गेटवुड आजीही कित्येक रात्री कोणाच्या तरी ओसरीवर झोपली. आपल्या लोकांना हे नवं नाही. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ, अडीच हजारांच्या वर, आणि किती मराठी माणसं झोळी, कमंडलू, काठी आणि एक कांबळं एवढ्यावर ती करतात, कारण काठाने आश्रम आहेत, सदावर्त मिळतं, 'नर्मदे हर' म्हटलं की कोणीतरी दार उघडतं. बेस वेट काढलं तर अल्ट्रालाइटमध्ये सहज बसेल. तीच झोळी घेऊन लडाखच्या एखाद्या निर्मनुष्य खिंडीत गेलात तर नुसतं हर हर म्हणायची वेळ येईल.

टार्पचंही तेच. मी तो हौसेने जुलैमध्ये घाटमाथ्यावर नेला होता, आणि पाऊस वरून पडतो ही समजूत तिथे संपली, कोकणातून वर येणारा वारा पाऊस खालून आत मारतो. रात्रभर भिजलेली पिसांची रजई म्हणजे ओल्या कोंबडीचं पोतं. अँड्र्यू स्कर्का हा जार्डिनच्या नंतरच्या पिढीतला मोठा चालणारा, त्याने या प्रकाराला 'स्टुपिड लाइट' म्हटलंय, म्हणजे काट्यावर चांगलं दिसावं म्हणून लागणारी वस्तूच घरी ठेवायची. हाच माणूस मांजराच्या खाण्याच्या छोट्या डब्याला भोकं पाडून केलेल्या स्पिरिटच्या शेगडीसाठी पण प्रसिद्ध आहे. पण कॅलिफोर्नियात वणव्याच्या सीझनला बहुतेक ठिकाणी ती पेटवता येत नाही, बंद करायला वॉल्व्ह असलेला गॅस स्टोव्हच लागतो.

आणि तिथल्याच पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या काही भागात अस्वलांमुळे खाणं ठेवायला कडक प्लास्टिकचा डबा सक्तीचा आहे. नेहमीचा घेतला तर वजन किलोच्या वर. त्यामुळे टूथब्रशचा दांडा कापून, टॅगचे धागे उसवून, साडेचार किलोच्या आत आणलेल्या त्या महागड्या सॅकमध्ये सगळ्यात जड वस्तू कुठली, तर तो डबा. कापता येत नाही, घडी होत नाही. संध्याकाळी सगळे त्याचंच स्टूल करून बसतात आणि जेवतात.