जागा आपली, अनामतही आपलीच

पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर अनामत भाडेकरू भरतो. विकेंद्रित क्लाउड स्टोरेजमध्ये, म्हणजे एका कंपनीच्या सर्व्हरऐवजी अनेक लोकांच्या डिस्कवर फाइली साठवणाऱ्या जाळ्यात, मामला उलटा आहे. इथे पैसे अडकतात ते जागा देणाऱ्याचे.

स्टोर्ज या अशाच एका सेवेचं नेटवर्क घ्या. फाइल ग्राहकाच्या बाजूलाच एन्क्रिप्ट होते (कुलूपबंद सांकेतिक रूपात जाते), तिचे ६४ मेगाबाइटपर्यंतचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे असे तुकडे बनतात, की कोणतेही २९ हाती आले तरी भाग पुन्हा उभा राहतो. हे तुकडे जगभरच्या अनोळखी लोकांच्या हार्ड डिस्कवर जातात. त्यातली एखादी कोथरूडमध्ये राउटरशेजारी घरघरत असते.

मोबदला टोकनमध्ये, म्हणजे त्या नेटवर्कच्या डिजिटल नाण्यांत मिळतो, पण हिशेब डॉलरमध्ये होतो. किती बाइट किती तास सांभाळले ते मोजायचं आणि ७२० तासांचा महिना धरायचा. दर टेराबाइटला महिना दीड डॉलर धरला (दर बदलत राहतात), तर २ टेराबाइटचे ३ डॉलर होतात. ग्राहकाने डेटा परत मागवला की त्याचे पैसे वेगळे. एकूण रकमेइतके टोकन त्या वेळच्या भावाने वॉलेटमध्ये (टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटात) येतात. भाव पडला तर जास्त टोकन, चढला तर कमी.

मात्र पहिले तीन महिने ७५ टक्के रक्कम रोखून ठेवतात, पुढचे तीन महिने ५० टक्के आणि त्यानंतरचे तीन महिने २५ टक्के. म्हणजे वरच्या ३ डॉलरपैकी सुरुवातीला हातात येतात ७५ सेंट! नऊ महिन्यांत साडेतेरा डॉलर अडकतात. त्यातले निम्मे पंधराव्या महिन्यानंतर मिळतात, उरलेले नेटवर्कचा रीतसर निरोप घेतल्यावर. कुणी डिस्क उपटून गायब झाला, तर त्याच्याकडचे तुकडे पुन्हा तयार करून दुसरीकडे ठेवावे लागतात. तो खर्च या अनामतीतून निघतो. एरवी अनोळखी माणसावर विश्वास टाकायचा कशाच्या जोरावर?

फाइलकॉइन हे असंच दुसरं नेटवर्क आणखी कडक. तिथे डेटा ३२ किंवा ६४ गिबीबाइटच्या (गिगाबाइटहून किंचित मोठं माप) सेक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या कप्प्यात भरून सील करतात, म्हणजे जड गणिताने बंदिस्त करतात, आणि त्यासाठी टोकन तारण ठेवावे लागतात. डेटा खरोखर जागेवर आहे याचा गणिती पुरावा दर २४ तासांनी द्यायचा. चुकला तर दंड बसतो. घरच्या जुन्या संगणकाला हे सीलिंग झेपत नाही.

गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली आणि चार-पाच तास वीज नसली, तर स्टोर्जचा नोड, म्हणजे जागा देणारा आपला संगणक, लगेच बाद होत नाही. पण बंद नोडवरचे तुकडे धोक्यात धरले जातात, आणि ते दुसरीकडे हलले की त्यांचं भाडंही तिकडे जातं. राउटर आणि डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. डिस्क आणि छोटा संगणक मिळून १२ वॉट खात असतील, तर महिन्याला साडेआठ युनिट होतात. पहिल्या तीन महिन्यांत हे बिल खिशातूनच भरायचं, हे धरूनच चाला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पैसे घेताना. हे टोकन इथेरियम या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सामायिक डिजिटल वहीवर) चालतात. तिथे प्रत्येक व्यवहाराला गॅस फी, म्हणजे नोंदणीचं शुल्क पडतं, म्हणून कमाई फीच्या मानाने फार लहान असेल तर ती पाठवत नाहीत, पुढच्या महिन्यात धरतात. झेडके-सिंकसारख्या दुसऱ्या थराच्या, म्हणजे इथेरियमवर उभारलेल्या जाळ्यावर फी कमी असते. पण तिथे एक्स्चेंजचा (टोकन खरेदी-विक्रीच्या बाजाराचा) जमा-पत्ता देऊ नका. ते जाळं एक्स्चेंजला चालत नसेल तर टोकन तुमच्या खात्यात दिसतच नाहीत. ज्याची चावी (गुप्त संकेत) आपल्या हातात आहे, असंच वॉलेट द्यायचं.