क्लस्टरच्या नोडांवर समांतर संगणन सॉफ्टवेअरची स्थापना (बेळगाव सीमाभाग)

जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांना, म्हणजे क्लस्टरला, एकच गणित वाटून देता यावे म्हणून प्रत्येक संगणकावर, म्हणजे नोडवर, संदेशवहनाचे सॉफ्टवेअर बसवण्याची आणि ते सगळे नोड एकमेकांशी बोलते करण्याची प्रक्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तिचा संबंध प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांशी येतो. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे.

महासंगणक विकत घेणे सगळ्यांच्या आवाक्यातले नसते. लॅबमधले आठ-दहा डेस्कटॉप मात्र एका स्विचला जोडता येतात. या पद्धतीची सुरुवात १९९४ साली झाली. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक इथरनेटने जोडले व त्याला ‘बेओवुल्फ’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी एमपीआय या संदेशवहन मानकाची पहिली आवृत्ती आली. त्याआधी, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता. एमपीआय हे मानक आहे, सॉफ्टवेअर नव्हे. एमपीआयसीएच आणि ओपन एमपीआय ही त्या मानकाप्रमाणे चालणारी दोन प्रचलित सॉफ्टवेअरे. एका नोडवर एक आणि दुसऱ्यावर दुसरे बसवले, तर प्रोग्राम चालत नाही.

बेळगावच्या दृष्टीने या विद्येचे सर्वांत जवळचे काम उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथल्या फाउंड्र्यांत ओतलेला धातू साच्यात कसा भरतो, कुठे आधी गोठतो आणि कुठे पोकळी राहते, हे संगणकावर आधीच पाहता येते. ओपनफोमसारखे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी साच्यातली जागा लाखो बारीक कप्प्यांत विभागते आणि कप्प्यांचे गट नोडांना वाटून देते. शेजारच्या गटांना प्रत्येक पायरीला सीमेवरचे आकडे एकमेकांना कळवावे लागतात, जसे बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांना पाणी सोडताना एकमेकांना सांगावे लागते. त्यामुळे जाळे मंद असेल तर प्रोसेसर नुसते वाट पाहत बसतात. गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. म्हणून लहान गणित जास्त नोडांवर पसरले की ते कधी कधी उलट हळू चालते.

फाउंड्रीत एकाच पॅटर्नवरून सगळे साचे काढतात. नोडांचेही तसेच. तोच वापरकर्ता, तीच आवृत्ती, तोच मार्ग, म्हणजे सॉफ्टवेअर ठेवण्याची तीच जागा. वापरकर्त्याचे नाव सारखे असून भागत नाही, त्याचा क्रमांकही सगळीकडे सारखा लागतो. सामायिक फोल्डर देणारी एनएफएस व्यवस्था फाइलीचा हक्क ठरवताना नाव नव्हे, तो आकडा पाहते. हेड नोडवरून, म्हणजे काम वाटून देणाऱ्या मुख्य संगणकावरून, इतर नोडांत पासवर्डशिवाय शिरता यावे म्हणून एसएसएचची (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची) किल्ली वाटावी लागते. नावे आणि पत्ते यांची यादी असलेल्या होस्ट्स फाइलीत प्रत्येक नोडचा स्थिर पत्ता लिहावा लागतो. उबुंटूमध्ये याच फाइलीत संगणकाचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्यावर लावलेले असते. ती ओळ तशीच ठेवली तर त्या नावाने पाहणारा प्रोग्राम जाळ्यावरच्या पत्त्याऐवजी स्वतःकडेच पोचतो. भिंत, म्हणजे फायरवॉल, फक्त एसएसएचच्या २२ क्रमांकाच्या पोर्टसाठी, म्हणजे दारासाठी, उघडूनही चालत नाही, कारण एमपीआयच्या प्रक्रिया आपापसांत इतर पोर्टही वापरतात. नोडांमधले पोर्ट निर्धास्तपणे मोकळे ठेवता यावेत यासाठी क्लस्टरचे जाळे कॉलेजच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे.

सॉफ्टवेअर प्रत्येक नोडवर स्वतंत्र बसवण्यापेक्षा हेड नोडवर एकदाच कंपाइल करून सामायिक फोल्डरमधून सगळ्यांना दाखवणे चांगले. लॅबमधले संगणक मात्र एका वर्षी घेतलेले नसतात. नव्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरून केलेला प्रोग्राम जुन्या नोडवर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत मरतो. कंपाइल करताना सर्वांत जुना प्रोसेसरच प्रमाण मानावा.

नवशिक्याचा सर्वाधिक वेळ खाणारी चूक मात्र मार्गाची, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या ओळींची, असते. टर्मिनलमध्ये बसून चालवले की सगळे ठीक. एमपीआयरनने, म्हणजे नोडांवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या आज्ञेने, दुसऱ्या नोडवर धाडले की ओपन एमपीआयच्या ५ पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘ओआरटीडी (त्या नोडवरचा मदतनीस प्रोग्राम) सापडत नाही’ असा संदेश येतो आणि मुले सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवायला लागतात. सॉफ्टवेअर जागेवरच असते. डेबियन व उबुंटूच्या बॅशआरसी फाइलीत, म्हणजे आज्ञा-खिडकी सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, सुरुवातीलाच एक अट असते. समोर माणूस नसेल तर पुढचे काहीही न वाचता ती परतते. मार्गाच्या ओळी त्या अटीच्या वर लिहिल्या की काम होते. पहिली चाचणीही मोठ्या प्रोग्रामची नको. एमपीआयरनने प्रत्येक नोडला फक्त त्याचे नाव विचारावे. जो गप्प राहील, तोच आधी दुरुस्त करावा.

पावसाळ्यात इथे वीज जाते-येते. वीज आली की सगळे संगणक एकदम उठतात आणि हेड नोड तयार होण्याआधीच बाकीचे नोड सामायिक फोल्डर शोधू लागून अडकतात. म्हणून आधी हेड नोड, मग बाकीचे असा क्रम ठेवावा किंवा फोल्डर गरज पडेल तेव्हाच जोडला जाईल अशी सोय करावी. निदान हेड नोडला तरी यूपीएस हवाच.

सीमाभागाची एक स्वतःची गरजही आहे. इथल्या याद्यांत मराठी आणि कन्नड नावे शेजारी शेजारी येतात, आणि अशा मजकुराचे तुकडे करून नोडांवर क्रमवारी लावली तर भाषा-मांडणी, म्हणजे लोकेल, सगळीकडे सारखी लागते. एसएसएचबरोबर ती पुढे धाडली जाते खरी, पण समोरच्या नोडवर ती तयार केलेली नसेल तर तो नोड मूळच्या ‘सी’ लोकेलवर, म्हणजे निव्वळ बाइटांच्या क्रमावर, येतो. मग एका नोडच्या यादीतला क्रम दुसऱ्याशी जुळत नाही आणि तुकडे एकत्र करताना नावे भलत्याच जागी पडतात. सगळ्या नोडांवर ‘सी’ लोकेल ठरवून लावणे हा त्यावरचा सरळ उपाय. वाचकांसाठीचा वर्णक्रम अखेरीस हेड नोडवर एकदाच लावावा.