ऑफिस फर्निचरचा कार्बन फूटप्रिंट आणि पुनर्वापर

ऑफिसातली खुर्ची, टेबल, कपाट बनताना, वाहून आणताना आणि शेवटी भंगारात जाताना जेवढे हरितगृह वायू हवेत जातात ते मोजणं म्हणजे ऑफिस फर्निचरचा कार्बन फूटप्रिंट काढणं. हिशेब कार्बन डायऑक्साइडच्या किलोत करतात. एसी चालू असेपर्यंत वीज खातो, खुर्ची काहीच खात नाही, त्यामुळे तिचं जवळपास सगळं उत्सर्जन ती ऑफिसात यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं आणि नेमकं हेच खरेदी करणाऱ्याच्या डोक्यात नसतं.

ब्रिटनच्या फिरा या फर्निचर संशोधन संस्थेने 2011 मध्ये आकडे काढले, त्यात फिरत्या खुर्चीला साधारण 72 किलो आले. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे 0.7 किलो पडतात, म्हणजे एक नवी खुर्ची आली की शंभरेक युनिट वीज जाळली असं धरा, आणि शंभर खुर्च्या एकदम बदलल्या तर 7.2 टन. यात मोठा वाटा मटेरियलचा, म्हणजे स्टील, नायलॉन, फोम आणि पायाचं अॅल्युमिनियम. हे अॅल्युमिनियम भंगार वितळवून केलेलं असेल तर नव्याच्या मानाने 95 टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचते, म्हणून विक्रेत्याला ते विचारायलाच हवं.

मोजायचे नियम आयएसओच्या 14040, 14044 आणि 14067 या आंतरराष्ट्रीय मानकांत आहेत. फर्निचर बनवणाऱ्या कंपनीने पर्यावरण घोषणापत्र, म्हणजे त्या वस्तूच्या उत्सर्जनाचे आकडे असलेलं पत्रक, दिलेलं असेल तर आकडा आयता मिळतो, नाहीतर प्रत्येक मटेरियलचं वजन घेऊन त्याच्या उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे किलोमागे किती उत्सर्जन होतं त्या आकड्याने, गुणायचं. काहीजण नुसत्या बिलाच्या रकमेवरून आकडा काढतात, ते सोपं आहे पण त्यात महाग आणि पंधरा वर्षं टिकणारी खुर्ची जास्त वाईट दिसते, स्वस्तातली तकलादू चांगली दिसते, म्हणून ही पद्धत फर्निचरला लावू नये. खरेदी करणाऱ्या कंपनीच्या हिशेबात हे सगळं स्कोप 3 मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूंसारख्या बाहेरच्या गोष्टींमुळे होणाऱ्या उत्सर्जनात, येतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा रिपोर्ट, सक्तीचा केला, पण त्यात स्कोप 3 ऐच्छिक ठेवलंय, त्यामुळे फर्निचर सुटून जायला भरपूर वाव आहे.

खरा फरक आयुष्याने पडतो. 72 किलोची खुर्ची पाच वर्षांत टाकली तर वर्षाला 14.4 किलो, दहा वर्षं वापरली तर 7.2. आणि खुर्ची सहसा अख्खी मोडतच नाही हो, हायड्रॉलिक जातं, बसलं की खाली जाते, नाहीतर चाक तुटतं किंवा कुशन दबतं. हायड्रॉलिक म्हणजे सीटखालचा गॅसचा दांडा, कारीगर खुर्ची उलटी करून पाइप पान्याने पिळून आणि हातोडीने ठोकून तो काढतो, नवा बसवतो, सांगाडा तसाच राहतो. टेबलाचं मात्र वेगळं, पार्टिकल बोर्डाचं टेबल एकदा खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात, पाणी लागलं तर कडा फुगतात, ते दुसऱ्या ऑफिसात नीट उभंच राहत नाही. प्लाय किंवा स्टील टिकतं. गोदरेजने 1923 मध्ये स्टीलचं कपाट काढलं आणि त्या जातीची कितीतरी जुनी कपाटं किल्ली फिरवली की आजही लागतात, रंग मारला की झालं.

जुनं फर्निचर फिरतं ठेवणारा बाजार आपल्याकडे आधीपासून आहे, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे, पुण्यात जुन्या बाजारात. उलट अमेरिकेत 2018 मध्ये 1 कोटी 20 लाख टनांच्या आसपास फर्निचर कचऱ्यात गेलं आणि त्यातलं सुमारे 80 टक्के थेट जमिनीत गाडलं गेलं.

सरकारी ऑफिसांत तर मोजणीची अर्धी तयारी झालेलीच असते, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, असतं, खुर्चीच्या पाठीवर ऑइलपेंटने नंबर असतो, त्यात खरेदीचं वर्ष आणि किंमत असते. तिथे वजन, मटेरियल आणि दुरुस्तीची तारीख असे रकाने वाढवले तर फूटप्रिंट काढता येतो. अडतं ते निर्लेखनाला, म्हणजे जुनं सामान नोंदीतून कमी करायला. मंजुरी येईपर्यंत चांगल्या खुर्च्या गच्चीवर पावसात पडून गंजतात आणि मग खरंच भंगार होतात, म्हणून निर्लेखनाच्या आधी बाकीच्या ऑफिसांना आणि शाळांना यादी पाठवायची सोय त्याच प्रक्रियेत घातली पाहिजे.