टायटल नोंदवलं म्हणजे कथा नोंदवली असं नाही

एकांकिका गाजवून सिनेमाकडे वळलेल्या कोल्हापूरच्या नव्या लेखकांकडून एक वाक्य वरचेवर ऐकू येतं: ‘निर्मात्यानं टायटल बुक केलंय, आता काळजी नाही.’ माझ्या मते खरी काळजी तिथूनच करायला हवी. बुक झालंय ते सिनेमाचं नाव, तेही निर्मात्याच्या बॅनरखाली. रात्री जागून लिहिलेली पानं तुमची आहेत, याचा पुरावा त्या कागदात कुठेच नसतो.

हा घोळ आपल्याकडे होतो, त्याला कारण आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभात सुरू झाली तीही इथंच, आणि अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही कोल्हापुरातच. त्यामुळं सिनेमाची कागदपत्रं म्हणजे महामंडळ, हे डोक्यात बसलेलं. निर्माता तिथं टायटल नोंदवून येतो, लेखकाला फोन करतो आणि लेखक समजतो की आपली गोष्टही नोंदली गेली.

टायटल नोंदणी ही निर्मात्यांच्या संस्थांनी आपापसात लावून घेतलेली शिस्त आहे. एकाच नावाचे दोन सिनेमे येऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. कायद्यानं नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही. ‘देसी बॉइज’ या नावावरून गेलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हेच स्पष्ट केलं. तिथं तक्रारदार लेखकानं त्या नावाचा कथासारांश लेखकांच्या संघटनेकडे आधी नोंदवलेला होता. पण तक्रार नावापुरतीच होती आणि ती टिकली नाही.

पटकथेची नोंदणी वेगळी. ती लेखक करतो, स्वतःच्या नावावर. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की कथा, पटकथा, संवाद ऑनलाइन नोंदवता येतात. त्यासाठी अंधेरीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि अजून एकही सिनेमा नावावर नसलेल्यांसाठीही सभासदत्वाचा प्रकार आहे. या नोंदणीतून मिळतो तो तारखेचा पुरावा: अमुक दिवशी हा मजकूर या माणसाकडे होता. वाद झालाच तर सभासदाला संघटनेच्या तंटा निवारण समितीकडेही जाता येतं.

या नोंदणीनं कॉपीराइट मिळतो असं मात्र नाही. तो लिहिताक्षणी तुमचा झालेला असतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. हवी असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात सरकारी नोंदणीही करता येते. तिथली नोंद न्यायालय प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरतं. महत्त्वाच्या पटकथेसाठी दोन्ही नोंदण्या कराव्यात, असं मी आग्रहानं सांगेन.

आता नोंदवायचं काय? इथं बहुतेकजण कमी पडतात. चार ओळींची वनलाइन नोंदवून निर्धास्त होतात. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय की कल्पना, विषय, कथावस्तू यांवर कॉपीराइट नसतो. संरक्षण मिळतं ते मांडणीला. ‘पैलवानाची मुलगी वडिलांचा विरोध पत्करून कुस्तीच्या मैदानात उतरते’ ही कल्पना झाली. ती उद्या कुणीही लिहावी. पण तेच वडील आदल्या रात्री तिच्या खुराकाचे बदाम स्वतः भिजत घालतात, सकाळी अबोला तसाच ठेवतात आणि खासबागेत सगळ्यात वरच्या पायरीवर, तिला दिसणार नाही असे बसतात. हा प्रसंगांचा क्रम, ही माणसं, त्यांचं बोलणं हे तुमचं. म्हणून निदान प्रसंगवार सविस्तर आराखडा तरी नोंदवा. पूर्ण पटकथा असेल तर उत्तमच. मसुदा बराच बदलला की नवा मसुदा पुन्हा नोंदवा. आणि हे सगळं नॅरेशनच्या, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवण्याच्या आधी. चहा पिता पिता गोष्ट सांगून झाल्यावर आठवड्यानं केलेल्या नोंदणीला तेवढं वजन राहत नाही. ऐकवल्यावर त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवा: आज आपल्याला ही कथा ऐकवली, सोबत सारांश जोडला आहे.

नोंदणी झाली तरी हक्क निर्मात्याकडे जातात ते लेखी करारानंच. तो वाचल्याशिवाय सही करू नका, मग समोरचा अगदी तालमीतला जोडीदार का असेना. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. निर्मात्यानं वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच बऱ्याच करारांत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आणि ही वर्षाची अट काढून टाकणारं कलम सापडतं. त्यावर बोला, मुदत मागा. कथा, पटकथा, संवाद यांपैकी कशाकशाचं श्रेय पडद्यावर कुणाच्या नावे येणार, तेही तिथंच लिहून घ्या.

तुम्हाला आवडलेलं टायटल दुसऱ्या बॅनरनं आधीच नोंदवलेलं निघालं, तरी पटकथेची नोंदणी अडवून ठेवू नका. कामचलाऊ नावानं नोंदवा. सिनेमाचं नाव पुढं निर्माता बदलू शकतो, तुमच्या नोंदणीची तारीख तीच राहते.