‘ब्रांडरख’ : आग आणि चुरचुर सांगणाऱ्या डच विशेषणाची पार्श्वभूमी

डोळे चुरचुरतात, लघवीला जळजळ होते, उन्हाने पाठ हुळहुळते. नेदरलँड्समधील रुग्ण या तिन्ही तक्रारी डॉक्टरांकडे ‘ब्रांडरख’ या एकाच विशेषणाने मांडू शकतो. त्याच्या मुळाशी ‘ब्रांड’, म्हणजे आग, हा जुना जर्मानिक शब्द आहे. अंगाला लागताच आग करणाऱ्या एका रानटी झुडपाच्या डच नावातही तोच येतो. ‘ब्रांड’ला जोडलेला प्रत्यय झोपाळलेला, अंगावर शिरशिरी आलेला अशा अर्थांच्या डच विशेषणांतही आढळतो. त्यामुळे प्रत्यक्ष भाजलेले नसताना भाजल्यासारखे वाटणे एवढेच हे विशेषण नेमके सांगते, आणि माझ्या मते त्याची खरी उपयुक्तता याच संयमात आहे.

वेदनेचा असा पोत वैद्यकाने फार उशिरा गांभीर्याने घेतला. अमेरिकी यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांची जखम भरल्यावरही आग थांबत नाही, हे अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी नोंदवले आणि त्या अवस्थेला ‘कॉझॅल्जिया’, म्हणजे जळजळती वेदना, हे ग्रीक मुळांचे नाव दिले. मात्र रुग्णाच्या शब्दांची शिस्तशीर वर्गवारी होण्यास विसावे शतक बरेच सरावे लागले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची 78 विशेषणे 20 गटांत मांडली होती. तीत गरम, जळणारे, पोळणारे हे शब्द एका गटात, तर मुंग्या, खाज, चुरचुर आणि नांगी मारल्यासारखी वेदना दुसऱ्या गटात होती. पुढे ही प्रश्नावली डच भाषेतही आणली गेली. पण बोलीतले ‘ब्रांडरख’ या दोन्ही गटांच्या सीमेवर सहज वावरते.

ही सरमिसळ शरीराला धरूनच आहे, हे 1997 मध्ये अधिक स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य ओळखणारा ग्राही, म्हणजे मज्जापेशीवरील संवेदना टिपणारे प्रथिन, शोधला, तेव्हा सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही तोच टिपतो असे दिसले. आम्लानेही तो चेतवला जातो, आणि सूज आलेल्या भागात तर तो कमी उष्णतेलाही प्रतिसाद देऊ लागतो. या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरची झोंबते, उन्हाने रापलेल्या पाठीला कोमट पाणीही सोसत नाही, यामागे बऱ्याच अंशी हीच यंत्रणा आहे.