कालवणापुरती मासेमारी : खाडीकडे परतण्यामागची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-रायगडच्या बंदरांतील मासळीचे लिलाव बंद पडले. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सवलत दिली खरी, पण बर्फ, वाहतूक आणि गिऱ्हाईक यांपैकी कशाचीच शाश्वती नसल्याने अनेक मोठ्या बोटी नांगरलेल्याच राहिल्या. त्या दिवसांत खाडीकाठच्या काही घरांत खुंटीला टांगलेले पाग, म्हणजे हाताने फेकायची गोल जाळी, पुन्हा खाली उतरले. याला ‘परतणे’ म्हणायचे ते जपूनच, कारण ओहोटीच्या चिखलात हात घालून निवट्या काढणाऱ्या, खडकावरची कालवे फोडणाऱ्या बायका तिथून कधी गेल्याच नव्हत्या.

पुरुष मात्र गेले. पूर्वी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकवावी लागत. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नायलॉनची जाळी, यांत्रिक बोटी आणि निर्यातीसाठी कोळंबीची मागणी आली आणि खाडीतला माणूस खोल समुद्राकडे वळला. पाग टाकायला मात्र इंजिन लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळ्याची एक बाजू कोपरावर घ्यायची आणि शिशाचे मणी गोल पसरतील अशा बेताने फेकायची. दिवस ठरवायचा तो तिथी पाहून, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) यावर. त्यात बोय आली, चार चिंबोऱ्या आल्या, की कालवण झाले.

कायद्याचे लक्ष मात्र बोटीवर राहिले. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. जून-जुलैची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगरयांत्रिक नौकांना नाही. घरापुरती मासळी धरणारी कुटुंबे कागदावर ठळकपणे आली ती नुकसानभरपाईच्या निमित्ताने : फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारात तिवरे (खारफुटी) गेली होती आणि खाडीत उतरण्याच्या वाटा अडल्या होत्या.

ठाणे खाडीची गोष्ट याहून जुनी. १९६० च्या दशकापासून तिच्या काठाने कारखान्यांचा पट्टा वाढला, पुढे शहरांचे सांडपाणी आले. २०२२ मध्ये याच खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून. ताटातल्या मासळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणूनच जाळ्यात आलेली बोय घरी नेण्याआधी कल्ला उचलून हुंगली जाते आणि रॉकेलसारखा वास आला, तर ती तिथेच टाकून दिली जाते.