गॅस टॉर्चमध्ये हवा फुंकतं कोण?

आता बटण दाबलं की टक् आवाज येतो आणि निळी ज्योत तयार. पण हातातल्या गॅस टॉर्चचा सगळा इतिहास एकाच भानगडीभोवती फिरतो, ज्योतीत हवा घालायची कुणी.

सुरुवातीला ते काम तोंडाचं. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतल्या चित्रांत नळ्यांनी विस्तव फुंकणारे कारागीर दिसतात, पुढे सोनार दिव्याच्या ज्योतीतच फुंकणीने हवा सोडून बारीक डाग द्यायला लागले. नुसती ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते कारण तिला हवा फक्त बाहेरून मिळते, तीच आत घुसवली की ज्योत टोकदार आणि खूप गरम होते. 1801 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हेअरने ऑक्सिजन आणि हायड्रोजन जाळणारी फुंकणी केली, पण ती प्रयोगशाळेची गोष्ट.

खरी गंमत 1855 च्या आसपास हायडेलबर्गला झाली. रॉबर्ट बुन्सेन आणि त्याचा यंत्रकारागीर पेटर डेसागा यांच्या बर्नरमध्ये गॅस बारीक भोकातून वेगाने सुटतो आणि जाता जाता बाजूच्या भोकांतून हवा स्वतःच ओढून घेतो, म्हणजे फुंकणारा माणूसच गेला! आजच्या टॉर्चच्या नळीवर जी भोकं असतात ना, ती हीच. त्यात धूळ किंवा कोळ्याचं जाळं बसलं की ज्योत पिवळी पडते आणि लोक उगाच गॅसला दोष देतात.

1882 मध्ये स्वीडनच्या कार्ल रिचर्ड न्यूबर्गने ब्लोलॅम्प बनवायला घेतला. त्यात द्रव इंधनाची तापलेल्या नळीत वाफ व्हायची आणि ती जळायची, 1892 चा प्रायमस स्टोव्ह याच तत्त्वावरचा. चालायचा झकास, पण आधी नळी तापवा मग पेटवा, आणि दाबाखालचं इंधन हातात धरून काम करा, हे जरा जीवावरचंच.

मग 1910 ला वॉल्टर स्नेलिंगने पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफांत प्रोपेन ओळखला. प्रोपेन उणे 42 अंशांवर उकळतो आणि ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशावर, त्यामुळे दाबाखाली डब्यात द्रव, बाहेर आला की आपोआप गॅस, तापवायची कटकट नाही. कडक थंडीत ब्युटेनचा टॉर्च रुसतो तो यामुळेच. पेटवल्या पेटवल्या टॉर्च उलटा केला तर भडका उडतो त्याचंही मूळ इथंच आहे, गॅसऐवजी द्रवच नॉझलमध्ये येतो आणि बाहेर पडून एकदम फुगतो. म्हणून आधी थोडा वेळ सरळ धरून नळी गरम होऊ द्यायची, मग तिरका करायचा.

वासाची कथा वेगळीच. 1937 मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक गॅस साचून स्फोट झाला, जवळपास 300 जण गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर गॅसला मुद्दाम घाण वास लावायचे नियम आले. पण लायटर-टॉर्च भरायच्या खूप शुद्ध केलेल्या ब्युटेनला बरेचदा वास नसतो, त्यामुळे नाकावर विसंबू नका, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आणि प्रोपेन, ब्युटेन हे दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, वर न जाता खाली जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतात.

ते टक् मात्र क्युरी बंधूंचं, 1880 मध्ये त्यांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की वीज तयार होते, बटण दाबल्यावर त्याच विजेची ठिणगी पडते. दोनदा टक् करूनही पेटला नाही तर तिसऱ्यांदा दाबू नका, गॅस तोवर सुटत असतो. नॉब बंद करा, हवा खेळू द्या, मग परत.